दात मिळेपर्यंत

नारायण पेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"अजून थोडं घासायचंय. सहाला या."
आणि मामंजींची नवी कवळी
निळ्या डबीत परत गेली.

फलटणची गाडी साडेसातची.
मधला सबंध दिवस आमच्या हातात,
कुणीतरी धरायला दिलेल्या पिशवीसारखा.

मामंजी साखर कारखान्यात काट्यावर होते, एकतीस वर्षं.
अजूनही काही हातात आलं
की आधी तळव्यावर तोलतात,
मग काय आहे ते विचारतात.

"पुन्यात आलोय तर खाऊ," म्हणाले,
म्हणजे त्या रिकाम्या तोंडातून जे आलं
त्याचा मी लावलेला अर्थ.

मिसळीच्या दुकानात मी म्हटलं,
"एक साधी, आणि एक नुसता रस्सा. फरसाण नको."
पोऱ्याने असं पाहिलं,
जसं कुणी लग्नाला येऊन फक्त पाणी मागावं.
मामंजींनी पावाचा गाभा तर्रीत बुडवला,
हिरड्यांमध्ये धरला, डोळे मिटले.
नाकाच्या शेंड्यावर घाम.
"गूळ हाय ह्यात. चिमूटभर."
पावाच्या कडा माझ्या ताटलीत येत राहिल्या.

मंडईजवळ खरवस. बशीत थरथरणारा.
एक खाल्ला, मग दुसरा,
मग म्हणाले, आपल्या रतनचा घट्ट व्हायचा,
सुरीला चिकटायचा.
रतन म्हैस माझ्या लग्नाआधीच गेली होती.
मी मान हलवली, ओळखत असल्यासारखी.

बाकरवडीच्या दुकानावर पाटी: एक ते चार बंद.
मला राग आला. ते हसले.
"आमीबी काटा बंद ठेवायचो जेवायला.
ट्रॅक्टरची रांग लागायची पार पुलापर्यंत."

मग शनिवारवाड्यासमोर बसून राहिलो.
दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी सुळे,
हत्ती अडवायला ठोकलेले.
बराच वेळ बघत होते.
"ह्याचं सगळं शाबूत हायत, कुंदा."

मस्तानी मागताना नाव घ्यायला लाजले.
शेजारच्या टेबलावरच्या मुलींच्या ग्लासाकडे
बोट दाखवलं नुसतं.
लांब चमच्याने तळापर्यंत गेले,
मिशीला आइस्क्रीम, आणि मी सांगितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी दुकान उघडलं.
पाव किलो बाकरवडी.
मामंजींनी पुडी तळव्यावर घेतली, किंचित उडवली.
"दोनशे तीस. कमी हाय."
दुकानदार एक शब्द बोलला नाही.
पुडी घेतली, काट्यावर ठेवली.
लाल आकडे: २५२.

मामंजींनी आकड्यांकडे पाहिलं,
मग हाताकडे,
मग हात सदऱ्याच्या खिशात घातला.
लक्ष्मी रस्ता संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.
वाटेत मी पेरू घेतले, मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूने दिले,
पिशवी त्यांनी मलाच धरायला लावली.

सहाला कवळी बसली.
आरशात कुणी दुसराच माणूस, तरणा आणि चिडका.
डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठवडाभर कडक काही नको.
"हो हो," मामंजी म्हणाले.
हे दोन शब्द सकाळपासूनचे सगळ्यात स्पष्ट.

हडपसर मागे पडलं तशी पुडी फाटल्याचा आवाज.
मी खिडकीबाहेर पाहायचं ठरवलं.
कट्.
पुढच्या सीटवरचं पोर वळून बघायला लागलं.

मग माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं:
बाकरवडीचा मधला गोल, मसाल्याचा, कड नसलेला.
"कडा मी खातो," म्हणाले.
"तू दिवसभर कडाच खाल्ल्यास."

दिवे घाटात त्यांनी कवळी काढली,
रुमालात बांधली. "टोचतीया."
रुमाल तळव्यावर जरा वेळ धरून ठेवला,
अंधारात, गाडी वळणं घेत असताना.
किती, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
गालात कड विरघळत होती,
सासवड यायला अजून वेळ होता.